पळसाच्या पानांचा भाऊ

साखरा गावात मंजुळाबाईला कुणी गायिका म्हणत नाही. रडणारी म्हणतात. कुणाच्या घरी माणूस गेलं की पहिला निरोप पाहुण्यांना आणि दुसरा मंजुळाबाईला. ती हातातलं काम टाकून येते, पदर डोक्यावरून ओढते, मयताच्या डोक्याशी बसते आणि रडायला लागते. नुसते हुंदके नाहीत. शब्द लावून, चालीवर. मेलेल्यानं काय खाल्लं, कुणाला काय दिलं, कुणाचं काय लुबाडलं, कोणत्या लिंबाखाली बसून बिडी ओढली, सगळं त्या रडण्यात येतं. अंगणातली पुरुषमाणसं खाली मान घालून ऐकतात. बाया खालून हुंकार देतात.

चाळीस वर्षं झाली तिला रडत. तिचे दोनच नियम. मयत असल्याशिवाय रडायचं नाही. आणि मयतावर खोटं बोलायचं नाही.

दुसऱ्या नियमापायी तिनं भोगलंय. गावातला एक मोठा जमीनदार गेला तेव्हा त्याच्या डोक्याशी बसून ती म्हणाली होती, "दर साली शेजाऱ्याचा धुरा कोरून कोरून रान वाढवलंस रं मालका, आता साडेतीन हातात मावशील का रं…" पोरांनी डोळे वटारले. एकानं तिच्या दंडाला धरलं. पण मयताच्या डोक्याशी बसलेल्या रडणारीला उठवता येत नाही, तो रिवाज आहे. बाईला या गावात बोलायला जागा कुठं असते? ग्रामसभेत बायकोच्या नावावर निवडून येऊन नवरा बोलतो. देवळात महाराज बोलतो. लग्नात डीजे बोलतो. तेवढी एक जागा आहे, मेलेल्या माणसाच्या डोक्याजवळची, दीड हात बाय दीड हात. तिथं बसून मंजुळाबाई बोलते. त्या घरानं दोन वर्षं तिच्या वाऱ्याला उभं राहणं सोडलं. मग त्याच जमीनदाराच्या बायकोनं पोरांना बजावलं, "माझ्या टायमाला मंजुळाच पायजे. दुसरी बोलावलीत तर मी उठून बसन."

तर अशा या बाईच्या दारात, संक्रांत होऊन आठ दिवस झाले होते तेव्हा, सेनगावच्या मोहियोद्दीनची जीप येऊन थांबली.

जीपमधून आधी मोहियोद्दीनची पोरगी फरहीन उतरली. ती सेनगावच्या ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवते. तिच्या मागून पुण्याचे एक सर, गळ्यात झोळी, हातात रेकॉर्डिंगचं मशीन. आणि त्यांच्या मागून एक उंच बाई, चाळिशीच्या घरातली, जाड काळ्या भुवया, केसांत रुपेरी पट्टा. तिनं उतरल्या उतरल्या चपला काढल्या. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"मावशी, ह्या शुशान," फरहीन म्हणाली. "गाणाऱ्या आहेत. लांबून आल्यात."

मंजुळाबाईचा नवरा तातेराव बाजेवर बसून तुरीच्या पेंढ्या बांधायला आळे वळत होता. त्यानं मान वर केली. "कुठल्या म्हनायच्या?"

"आर्मेनियाच्या."

"ते कुनीकडं आलं? दुबईच्या अल्याड का पल्याड?"

"पल्याड. वर. डोंगराचा देश आहे, काका."

"पानी हाय का?"

"आहे."

"मंग बरं हाय," तातेराव म्हणाला आणि सरकून जागा दिली. एखाद्या गावाबद्दल त्याला एवढंच विचारायचं असतं.

शुशान बाजेवर बसली नाही. मंजुळाबाई जात्यावर तूर भरडत होती, तिच्या समोर जाऊन मांडी घालून बसली. साखऱ्यात आता पीठ गिरणीवरून येतं. जातं राहिलंय ते डाळ भरडण्यापुरतं. तिनं खुंट्याला हात लावला आणि डोळ्यांनीच विचारलं. मंजुळाबाईनं हाताची मूठ सरकवून जागा केली. दोन बायांनी एक जातं ओढायचं म्हणजे मनगटांची ओळख लागते. ही पाहुणी दोन फेऱ्यांत लयीत आली. तेव्हाच मंजुळाबाईनं ओळखलं, ही बाई कामाची आहे. आणि तिनं आपसूक ओवी धरली:

"भरडते बाई डाळ, टरफल उडं वाऱ्यावरी,
भाऊ माझा येतो, नजर माझी धुऱ्यावरी…"

फरहीननं अर्थ सांगितला. भावाची ओवी म्हटल्यावर शुशानचा हात क्षणभर अडकला. जातं अर्धी फेरी मंजुळाबाईनं एकटीनं ओढलं. नंतर ते पुन्हा फिरायला लागलं.

डाळ भरडता भरडता फरहीनच्या तोंडून पाहुणीची माहिती येत गेली. तिची आजी जमिनीत पुरलेल्या मातीच्या भट्टीच्या भिंतीला चापट मारून भाकरी चिकटवायची आणि गायची. शुशान गाणं तिथं शिकली. मग गाण्याच्या मोठ्या शाळेत शिकवलं गेलं ते सोडून दिलं, कारण तिथं मास्तर म्हणाले, आजीचे सूर चुकीचे आहेत. तेव्हापासून ती डोंगरातल्या गावागावांत फिरते. म्हाताऱ्यांकडे बसते, त्यांची गाणी घेते, आणि गाते. जर्दाळूच्या लाकडाची एक पुंगी असते त्यांच्याकडे. एकजण गाणं वाजवतो आणि दुसरा शेजारी बसून एकच सूर धरून ठेवतो, शेवटपर्यंत. त्या दुसऱ्याचं नाव कुणी विचारत नाही.

"सरकारी कार्यक्रमाला बोलावतात," फरहीन सांगत होती. "चांदीचा कंबरपट्टा घालायला लावतात, मंत्र्यांपुढे तीन मिनिटं गायला सांगतात. मग जेवण."

"आन् शाल देतात का?" मंजुळाबाईनं विचारलं.

"फुलं देतात म्हणे."

"इथं नारळ देतात," तातेराव म्हणाला. "नारळ बरा. फुलाची चटनी होत न्हाई."

शुशान हे ऐकून मोठ्यानं हसली. इथवर सगळं बराबर चाललं होतं.

मग सरांनी मशीन काढलं. जात्याच्या ओव्या त्यांच्याकडे पुष्कळ होत्या, दोन कपाटं भरून. त्यांना दुसरं पाहिजे होतं.

"मंजुळाबाई, आता ते शोकगीत म्हणा. मयतावरचं. शुशान मॅडम त्यासाठीच इतक्या लांबून आल्या आहेत."

मंजुळाबाईचा हात थांबला. "कोन मेलं?"

"कोणी नाही. नमुना म्हणून."

"नमुना?"

"म्हणजे एखादं उदाहरण. पाच मिनिटं. हे जर्मनीपर्यंत जाईल. जर्मनीत लोक ऐकतील."

"जर्मनीत कोन मेलं?"

फरहीननं तोंडावर ओढणी धरली. सरांना कळेना हसावं की समजावून सांगावं. त्यांनी समजावून सांगितलं. परंपरा मरते आहे, पुढच्या पिढीला कळलं पाहिजे, जपलं पाहिजे. हे लोक गावात येतात ते नेहमी काहीतरी जपायलाच येतात. आपण लोणचं असल्यासारखं.

"सर," मंजुळाबाई म्हणाली, "घरात सून हाय. पुजाला सातवा म्हैना लागला. मयत न्हाई, काही न्हाई, आन् मी दारात बसून रडू? उद्या कुनाला काही झालं तं जर्मनीतून येऊन रडाल का तुमी?"

तेवढ्यात तातेरावच्या डोक्यात किडा वळवळला. त्यानं आळे बाजूला ठेवले, बाजेवर आडवा झाला आणि उपरणं तोंडावर ओढलं.

"घे. झालं मयत. म्हन."

"काय करून राहिले तुमी?"

"आगं म्हन की. चाळीस साल झालं, साऱ्या गावावर रडून राहिली. माझ्यावर काय रडशील ते मला कधी ऐकायला भेटनार? मेल्यावर? आज सर बी हायेत, मशीन बी हाय. म्हन. मी हलत न्हाई."

सरांनी घाईघाईनं बटण दाबलं. लाल दिवा लागला.

मंजुळाबाई उठली. बाजेपाशी गेली. नवऱ्याच्या तोंडावरचं उपरणं तिनं असं खेचलं की टर्रकन आवाज आला.

"उठा! उठा म्हनते ना! लाज न्हाई वाटत? जित्या मानसाच्या तोंडावर कपडा? पांढरे केस झाले आन् अक्कल काळी राहिली. उठा, दक्षिणेकडं पाय करून झोपले वर!"

"आगं मजाक…"

"मजाक तुमच्या मायच्या घरी करा!" आणि ती सरांकडं वळली. "आन् तुमी, शिकलेले. त्यानं कपडा घेतला तं तुमी बटन दाबलं. एवढी घाई? मी रडते ते गानं न्हाई सर. मेलेल्याचं शेवटचं बोलनं असतंय ते. त्याला बोलता येत न्हाई म्हनून मी बोलते. मानूसच न्हाई तं बोलू कुनाचं?"

कोंबडी तेवढी जात्याभोवतालची डाळ टिपत फिरत होती. तातेराव उठून बसला आणि फाटलेलं उपरणं मांडीवर घेऊन पाहत राहिला.

शुशान सरांपाशी गेली. तिनं स्वतःच ते मशीन बंद केलं. मग मंजुळाबाईपुढं येऊन बसली आणि हळू हळू बोलू लागली. फरहीन वाक्यावाक्याला थांबून सांगत होती.

"त्या माफी मागतात, मावशी. म्हणतात, आमच्याकडे पण हेच आहे. आजी घरात कधी ते म्हणायची नाही. मी लहानपणी खेळता खेळता म्हटलं, तर तिनं माझ्या तोंडावर मारलं होतं. मला माहीत होतं. तरी मी सरांना थांबवलं नाही."

"काहून?"

शुशाननं पिशवीत हात घातला आणि एक लोकरीची टोपी काढली. करडी, हातानं विणलेली, कडेला एक टाका सुटलेला.

"त्यांचा भाऊ," फरहीन म्हणाली. "नारेक नाव. कोरोनाच्या साली तिकडे लढाई झाली, डोंगरात. त्याला नेलं. एकोणीस वर्षांचा होता. परत आला नाही. बॉडी पण आली नाही. नाव मेलेल्यांच्या यादीत नाही, पकडलेल्यांच्या यादीत पण नाही."

"आन् माय?"

"आई रोज त्याचं ताट वाढते. घरात कुणाला रडू देत नाही. म्हणते, जो रडेल तो माझ्या पोराला मारेल." फरहीन पुढं सांगू लागली. "म्हणून ह्या जगभर फिरतात. दुसऱ्यांच्या मेलेल्यांची रडणी गोळा करतात. त्या म्हणतात, कुठंतरी एखाद्या रडण्यात त्याला बसवता येईल असं वाटतं. पण बसत नाही. प्रत्येक रडणं दुसऱ्याच कुणाचं तरी असतं."

मंजुळाबाईनं टोपी हातात घेतली नाही. नुसती पाहिली. मग विचारलं, "तुला काय वाटतं? हाय का गेला?"

फरहीननं विचारलं. शुशान टोपीकडं पाहत राहिली.

"हे तिनंच सांगाया पायजे. मी न्हाई सांगू शकत. माझ्याकडं जित्या भावाची ओवी हाय आन् मेल्या भावाचं रडनं हाय. मधल्याचं काही न्हाई."

ती स्वतःच आपल्या बोलण्यावर थबकली. चाळीस वर्षांत तिला हा विचार आला नव्हता. मग तिला सिद्धेश्वरच्या धरणाची गोष्ट आठवली. तिच्या माहेरचा एक जण मासे धरायला गेला होता, होडी पालथी झाली, माणूस सापडलं नाही. बारा दिवस वाट पाहून घरच्यांनी पळसाच्या पानांचा माणूस केला. तीनशे साठ पानं. तो मांडला, त्यावर मंजुळाबाई रडली, आणि मग त्याला अग्नी दिला. त्या वेळी पानं भटजीनं मांडली नव्हती. त्या माणसाच्या बायकोला मांडायला लावली होती. पायापासून सुरुवात करून. डोक्याशी येईपर्यंत तिला आपसूक कळलं होतं, माणूस गेला.

तिनं हे शुशानला सांगितलं. फरहीनला पळसाला इंग्रजीत काय म्हणतात ते आठवेना, तिनं हातानं पानाचा आकार काढून दाखवला.

"आमचा विधी न्हाई करायचा. तुझा देव येगळा. आग न्हाई, मंत्र न्हाई. नुसतं आंग मांडायचं. तुझ्या हातानं मांडलंस तं मी रडन. न्हाई मांडलंस तं चहा पिऊन जा, माझा काही राग न्हाई."

शुशाननं टोपी पिशवीत ठेवली आणि उठून उभी राहिली.

"घरापाशी न्हाई," मंजुळाबाई म्हणाली. "पुजा हाय. ओढ्यावर चला." सर उठायला लागले तशी ती म्हणाली, "सर, तुमी बसा. मशीनला सोबत."

मोहियोद्दीन जीपला टेकून उभा होता. तो म्हणाला, "मंजुळाबाई, हमारी अम्मी के टाइम को…" आणि हातानंच ओढ्याकडं खूण केली. बोलायची गरजही नव्हती. त्याची आई मदीनाबी गेली तेव्हा मंजुळाबाई सेनगावला गेली होती. त्यांच्यात आवाज काढून रडत नाहीत, हे तिला ठाऊक होतं. म्हणून ती दाराबाहेर, चपलांजवळ बसली आणि ओठांतल्या ओठांत रडली. आत बसलेली लहान फरहीन ते दारातून पाहत होती.

तातेराव कोयता घेऊन पुढं निघाला.

ओढा कोरडा नव्हता, घोटाभर पाणी होतं. काठावर पळसाची पाच-सहा झाडं. पलीकडच्या रानात तूर कापणाऱ्या बाया वाकलेल्या दिसत होत्या. तातेरावनं पानं काढली, धुळीची होती म्हणून ओढ्यात बुचकळली, आणि उपरण्यात बांधून आणून ठेवली. ज्या उपरण्याखाली तो मघाशी मेला होता, त्याच.

"किती मोठा होता?" मंजुळाबाईनं विचारलं.

शुशान जमिनीवर सरळ आडवी झाली. तातेरावनं तिच्या टाचेशी एक खडा ठेवला, डोक्याशी एक. ती उठली, डोक्याकडचा खडा तिनं उचलला आणि वीतभर पुढं नेऊन ठेवला.

मग ती पानं मांडू लागली. पाय आधी.

मंजुळाबाई शेजारी बसून विचारत गेली. हे तिचं काम होतं. मयताच्या घरी गेल्यावरही ती आधी असंच कानात विचारून घेते.

"खायला काय आवडायचं?"

"कच्चे जर्दाळू. पिकायच्या आधी झाडावरूनच खायचा. मग पोट धरून बसायचा. विचारलं तर म्हणायचा, मी नाही खाल्ले."

"गायचा का?"

"बेसूर. पण मोठ्यानं."

"वाईट काय होतं त्याच्यात?"

फरहीन म्हणाली, "मावशी, हे कसं विचारू?"

"ईच्यार. नुसतं चांगलं सांगशील तं ते रडनं न्हाई. फोटोला हार घालनं झालं."

शुशाननं गुडघ्याचं पान नीट केलं. "खोटं बोलायचा. आईच्या पैशांतून सिगारेट. एकदा माझी गाण्यांची वही शेकोटीत टाकली, रागानं."

"शेवटचं काय बोलला?"

"फोन आला होता. मोजे ओले झालेत, कोरडे मोजे पाठव. एवढंच. आई विणत होती, पार्सल निघालं नाही."

"आन् तुला?"

पानं छातीपर्यंत आली होती. शुशानचे हात हिरवट, ओले झाले होते. ती आता फरहीनकडं न पाहता, पानांकडं पाहून बोलत होती.

"निघताना म्हणाला, एक गाणं म्हण. सगळ्यांसाठी गातेस, माझ्यासाठी म्हण. मी म्हणाले, सैनिकाला निरोप द्यायचं गाणं मी गाणार नाही. परत आलास की गाईन."

मंजुळाबाईनं मान हलवली. आणखी काही विचारलं नाही.

खांदे झाले. डोक्याची जागा तेवढी राहिली. तातेरावनं हळूच सांगितलं, इथं आम्ही नारळ ठेवतो. शुशाननं पिशवीतून टोपी काढली. ती दोन्ही हातांत धरून बसून राहिली. पानांचं बिनडोक्याचं अंग समोर पडलेलं. पलीकडच्या रानातली एक बाई दुसरीला मोठ्यानं हाक मारत होती, आगं शिला, पानी आन. वारा सुटला, दोन पानं हलली, शुशाननं ती पटकन दाबून धरली, झोपलेल्याच्या अंगावरचं सरकलेलं पांघरूण सावरावं तशी. कुणी तिला घाई केली नाही. मंजुळाबाईला ठाऊक होतं, ही टोपी खाली ठेवली की तिकडं हजारो कोसांवर एका आईचं ताट उलटं होणार आहे. ही पोरगी उठून गेली असती तरी तिनं तिला दोष दिला नसता.

शुशाननं टोपी ठेवली. सुटलेला टाका आत दुमडला, आणि ठेवली.

मंजुळाबाईनं पदर ओढला. टोपीजवळ बसली. घसा साफ केला नाही, सूर शोधला नाही. कधीच शोधत नाही.

"आरं नारेका, माझ्या लेकरा…
कच्ची जर्दाळं खाऊन पोट धरून बसायचास रं,
आता कोन्या झाडाखाली बसलास रं…
मायचे पैसे चोरले, खोटं बोललास रं,
आता एक खोटं बोल, मी न्हाई गेलो म्हन रं…"

फरहीननं पहिल्या दोन ओळी सांगितल्या. तिसरीला तिनं सांगणं सोडलं आणि शुशानचा हात धरला. शुशान हात सोडवून सरळ बसली. आणि तिनं एक सूर लावला. एकच. खालचा, छातीतला, न हलणारा. जर्दाळूच्या पुंगीशेजारी बसलेला तो दुसरा माणूस धरतो तसा.

मंजुळाबाई दचकली. चाळीस वर्षं ती बायांच्या तुटक हुंकारावर रडली होती. तिच्या पायाखाली अशी सबंध जमीन कुणी धरली नव्हती. तिचा आवाज वर गेला, पूर्वी कधी गेला नव्हता तिथं.

"मोजे वले झाले म्हनून सांगितलंस रं,
कोरडे मोजे घेऊन माय दारात उभी रं…
ज्यानं तुला धाडलं त्याच्या पोराचे मोजे कोरडे रं,
ज्यानं तुला धाडलं तो घरी जेवून राहिला रं…
नकाशावर बोट त्याचं फिरलं,
पाय तुझे गेले रं, माझ्या लेकरा…
बहिनीनं गानं मागं ठेवलं रं,
घे, आज घे, पळसाच्या कानानं ऐक रं…"

तुरीच्या रानातला कोयत्यांचा आवाज थांबला होता. बाया धुऱ्यावर येऊन उभ्या होत्या. कुणाचं मयत आहे हे त्यांना माहीत नव्हतं, तरी त्यांनी पदर डोक्यावर घेतले. तातेराव ओढ्याकडं तोंड करून बसला होता. त्याची पाठ दिसत होती. पाठीकडं पाहून सगळं कळत होतं.

शेवटाशी येऊन मंजुळाबाई थांबली. एकदम. सूर हवेत तसाच राहिला. शुशाननं तो आणखी थोडा वेळ धरला, मग सोडला आणि वर पाहिलं.

"आजून एक वळ हाय," मंजुळाबाई म्हणाली. "शेवटची. ती म्हटली की झालं. 'जा रं आता, मागं पाहू नको, इथलं आमी बघतो.' ती मी म्हननार न्हाई."

"का?" शुशाननं स्वतःच विचारलं. तेवढा शब्द तिला येत होता.

"ती तुझ्या मायची. माय ताट वाढून बसली, आन् इथं साखऱ्याच्या ओढ्यावर मी तिच्या पोराला जा म्हनू? मी कोन? तू मांडलंस, तुझ्यापुरतं मी रडले. तिच्यापुरतं तिनं म्हनावं. म्हनंल तवा म्हनंल. न्हाई म्हटलं तं वाढू दे ताट, तिला कोनी अडवू न्हाई. पन वळ तिच्याकडं पायजे. तू घेऊन जा."

फरहीननं हे सांगायला बराच वेळ लावला. शुशान ऐकत होती आणि आता तिचे डोळे वाहत होते, पुसत नव्हती. मग तिनं ओळ विचारली. मंजुळाबाईनं सांगितली, चालीसकट, शब्द शब्द तोडून. शुशाननं म्हटली. चुकली. पुन्हा म्हटली. डोंगरातल्या म्हाताऱ्यांपुढं बसून जशी आयुष्यभर शिकली तशी, मांडीवर बोटं आपटत.

पानं त्यांनी ओढ्यात सोडली. टोपी शुशाननं डोक्यावर घातली. तातेरावनं लिंबाचा डहाळा आणला, सगळ्यांनी पाला चावला, पाय धुतले. लिंबाच्या कडूपणानं शुशानचं तोंड एवढं वाकडं झालं की फरहीन रडता रडता हसली.

अंगणात सर ताटकळले होते. "झालं? मग पुन्हा एकदा इथं…"

"सर," तातेराव म्हणाला, "मी म्हटलं व्हतं मी झोपतो म्हनून. तवा बटन दाबलंत ना, त्यात मी खाल्लेली बोलनी आली आसतील, तेवढीच न्या जर्मनीला."

झोळी आवरता आवरता सरांनी फरहीनला हळूच विचारलं, "कसं होतं?" फरहीन म्हणाली, "माहीत नाही, सर. मला भाषांतर नाही जमलं." मंजुळाबाईला त्या घटकेला त्यांची थोडी कीव आली. दोन कपाटं भरून गाणी, आणि आपल्या माणसावर म्हणायला एक नाही.

निघताना शुशाननं मंजुळाबाईचे दोन्ही हात हातात घेतले आणि कपाळाला लावले. जीप वळणावर जाईपर्यंत आतून तिचा आवाज येत होता, जा रं आता, मागं पाहू… तिथं अडकायचा. फरहीन सांगायची. पुन्हा पहिल्यापासून.

"येईल का तिला?" तातेरावनं विचारलं.

"हिला येईल. मायला कधी येईल ते देव जाने."

ती जात्यापाशी बसली. अर्धी तूर भरडायची राहिली होती. समोरची जागा मोकळी होती. तातेराव जरा घुटमळला, मग येऊन त्या जागेवर बसला आणि त्यानं खुंट्याला हात लावला. त्याला जातं ओढता येत नव्हतं. लय सारखी सुटायची.

"आगं, खरं सांग," दोन फेऱ्यांनी तो म्हणाला. "माझ्यावर काय म्हनशील?"

मंजुळाबाईनं जात्यात मूठभर तूर टाकली. मघाचा राग आता तिच्यात नव्हता.

"खोटं बोलता येत न्हाई मला, ठाऊक हाय ना तुमाला? सध्या म्हनन्यासारखं लै थोडं हाय. तवा जगा आजून. आन् हात नीट लावा, डाळ फुटून राहिली."

तातेरावनं खुंट्यावरची मूठ सरकवली. आणि हात नीट लावायला शिकू लागला.